दोन फॅक्स आणि न भरलेली विधानसभा

प्रकरण कुठलं

स्पर्धा परीक्षांच्या मुलांना मी राज्यघटना शिकवतो. राज्यपालांचं प्रकरण आलं की फळ्यावर आधी फक्त दोन वेळा लिहितो. १:५२ आणि ३:५०. दोन्ही रात्रीच्या, दोन्ही भारतीय प्रमाणवेळेनुसार, तारीख २३ मे २००५. मधे ११८ मिनिटं. पहिल्या वेळेला दिल्लीचा फॅक्स राष्ट्रपतींच्या मॉस्कोतल्या मुक्कामी पोचला, दुसऱ्या वेळेला राष्ट्रपतींची मंजुरी दिल्लीत परत आली. तेवढ्यात बिहारची २४३ जणांची, नुकतीच निवडून आलेली विधानसभा संपली. एकदाही न भरता.

मागच्या बाकावरून दरवर्षी कुणीतरी विचारतंच, "सर, पण एवढी घाई कशाची होती?"

हे टिपण म्हणजे त्या प्रश्नाचा पाठपुरावा आहे. मध्यभागी आहेत बिहारचे तेव्हाचे राज्यपाल बूटा सिंग. ज्या आमदारांवरून हे सगळं घडलं त्यांची नावं इथे दिलेली नाहीत. राज्यपालांच्या अहवालातही ती नव्हती, आणि पुढे सगळं तिथेच अडलं.

पार्श्वभूमी: राजभवनात पोचलेला माणूस

बूटा सिंग यांचा जन्म १९३४ चा, पंजाबातल्या जालंधर जिल्ह्यातला. दलित शीख कुटुंबातला हा मुलगा १९६२ मध्ये अकाली दलाकडून लोकसभेत गेला, पुढे काँग्रेसमध्ये आला आणि इंदिरा गांधींच्या विश्वासातला झाला. पक्षाचा सरचिटणीस, केंद्रात एकामागून एक खाती, राजीव गांधींच्या काळात कृषिमंत्री आणि मे १९८६ ते डिसेंबर १९८९ देशाचा गृहमंत्री. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांना लाच दिल्याच्या खटल्यात २००० साली विशेष न्यायालयानं त्यांना दोषी ठरवलं, २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं निर्दोष सोडलं. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत राजस्थानातल्या जालोरमधून ते हरले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पाटण्याच्या राजभवनात दाखल झाले.

यातलं गृहमंत्रिपद मला फार महत्त्वाचं वाटतं. कुठल्याही राज्यपालाचा कलम ३५६ खालचा, म्हणजे राष्ट्रपती राजवटीसाठीचा, अहवाल दिल्लीत येतो तो गृहमंत्रालयाच्या टेबलावर. एप्रिल १९८९ मध्ये कर्नाटकातून असाच एक अहवाल आला होता. मुख्यमंत्री एस. आर. बोम्मई यांच्या १९ आमदारांनी पाठिंबा काढल्याची पत्रं राज्यपालांकडे पोचली होती. त्यातल्या सात जणांनी लगेच कळवलं की आमच्या सह्या दिशाभूल करून घेतल्या. बोम्मई म्हणत होते, सभागृह बोलवा, तिथे मोजा. राज्यपालांनी मोजलं नाही, सरकार गेलं, राष्ट्रपती राजवट आली. त्यावेळी गृहमंत्री होते बूटा सिंग.

त्या प्रकरणाचा निकाल ११ मार्च १९९४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं दिला. बहुमत आहे की नाही हे राजभवनाच्या दिवाणखान्यात ठरत नाही, सभागृहात ठरतं, हे सूत्र तिथून रुजलं. न्या. सरकारिया आयोगाचा केंद्र-राज्य संबंधांवरचा अहवालही बूटा सिंग गृहमंत्री असतानाचाच. राज्यपाल नेमताना तो माणूस त्या राज्याबाहेरचा असावा आणि नजीकच्या काळात सक्रिय राजकारणात फार गुंतलेला नसावा, असं आयोगानं म्हटलं होतं. पहिली अट इथे पाळली गेली. दुसरीचं काय झालं ते जालोरचा निकाल सांगतो.

म्हणजे या माणसाला नियम माहीत नव्हते असं म्हणायची सोय नाही. अशी प्रकरणं शिकवताना आपण "अननुभव" हे कारण फार पटकन पुढे करतो. इथे उलट आहे. अनुभव भरपूर होता, पण तो सगळा दिल्लीच्या बाजूनं टेबलाकडे बघण्याचा होता.

पार्श्वभूमी: आकडे

बिहारमध्ये फेब्रुवारी २००५ मध्ये तीन टप्प्यांत मतदान झालं, २७ तारखेला निकाल लागले. पंधरा वर्षं सत्तेत असलेल्या लालूप्रसाद-राबडीदेवींच्या राष्ट्रीय जनता दलाला (राजद) ७५ जागा. संयुक्त जनता दल ५५ आणि भाजप ३७, म्हणजे निवडणुकीआधीची ही युती ९२ वर. रामविलास पासवान यांच्या लोकजनशक्ती पक्षाला (लोजप) २९. काँग्रेस १०. अपक्ष सतरा, उरलेले छोटे पक्ष. बहुमताला हवे १२२.

बेरीज करून बघा. ९२ आणि २९ मिळून १२१, एक कमी, म्हणजे एका अपक्षाचं काम. दुसरीकडे ७५, २९ आणि १० मिळून ११४, छोट्या पक्षांसह तेही जमण्यासारखं. सत्तेची किल्ली पासवान यांच्या खिशात, आणि ते ती कुणालाच द्यायला तयार नव्हते. राजद नको, भाजप नको, आणि मुख्यमंत्री मुस्लिम असावा, अशी त्यांची अट. गंमत अशी की दिल्लीत मनमोहन सिंग यांच्या मंत्रिमंडळात लालूप्रसाद आणि पासवान दोघंही शेजारीशेजारी होते. लालूप्रसाद रेल्वेमंत्री होते, आणि ज्या मंत्रिमंडळाकडे राज्यपालांचा अहवाल जाणार होता त्याच सरकारला पाटण्यातल्या एका दावेदाराचा आधार होता. हे विसरून पुढचं काहीच कळत नाही.

पेच

मार्चच्या पहिल्या आठवड्यात राजभवनात शिष्टमंडळं येऊन गेली. राजदनं दावा केला. भाजप-संयुक्त जनता दलानं सांगितलं की आमचे ९२ आहेत, शिवाय दहा-बारा अपक्ष. वरची बाजू धरली तरी १०४. अठरा कमीच.

६ मार्चला राज्यपालांनी राष्ट्रपतींना कळवलं की कुणाचंच सरकार बनत नाही. ७ मार्चला राष्ट्रपती राजवट लागू झाली. विधानसभा मात्र विसर्जित केली नाही, निलंबित ठेवली. संसदेनं त्या घोषणेला १९ आणि २१ मार्चला मंजुरी दिली.

इथपर्यंत फारसा वाद नाही. निलंबित ठेवणं याचा अर्थच असा की दार उघडं आहे, कुणी आकडा जमवला तर या. तीन वर्षांआधी शेजारच्या उत्तर प्रदेशात अगदी हेच झालं होतं. फेब्रुवारी २००२ ची त्रिशंकू विधानसभा, मार्चमध्ये राष्ट्रपती राजवट, आणि मे महिन्यात बसप-भाजपचं सरकार. निवडणूक पुन्हा घ्यावी लागली नाही.

बिहारमध्ये पेच सुरू झाला तो आकडा जमायला लागल्यावर. एप्रिलच्या अखेरीस लोजपचे आमदार चुळबुळ करू लागले. निवडून येऊन दोन महिने झाले होते, ना शपथ, ना सभागृह, आणि पुन्हा निवडणुकीला सामोरं जायचं कुणालाच परवडणारं नव्हतं. त्यांचा कल संयुक्त जनता दलाकडे होता. पक्षांतरबंदी कायद्यात २००३ च्या दुरुस्तीनंतर एक तृतीयांशाची फूट चालत नाही, विलीनीकरणाला दोन तृतीयांश लागतात. २९ चे दोन तृतीयांश म्हणजे वीस.

२७ एप्रिलला राज्यपालांनी दुसरा अहवाल पाठवला. लोजपच्या सोळा-सतरा आमदारांना वेगवेगळ्या मार्गांनी वळवलं जात आहे, हा प्रकार वेळीच रोखला नाही तर आवरणार नाही, जनतेला पुन्हा कौल देण्याची संधी द्यावी, असा त्याचा आशय. २१ मेच्या तिसऱ्या अहवालात हाच आकडा सतरा-अठरा किंवा अधिक झाला.

दोन्ही अहवालांमधला फरक नीट बघा. सोळा-सतरा वरून सतरा-अठरा. विसाकडे सरकणारा आकडा. राज्यपालांच्या नजरेत ती घोडेबाजाराची वाढ होती. विरोधकांच्या नजरेत ती सरकार बनण्याची तयारी होती. आकडा तोच.

समोर असलेले पर्याय

वर्गात मी इथे थांबतो आणि मुलांना सांगतो की तुम्ही राजभवनात आहात, तारीख २१ मे, काय कराल ते लिहा. दरवर्षी साधारण चार उत्तरं येतात.

पहिलं, काहीच करू नये. राष्ट्रपती राजवटीला संसदेची मंजुरी होती, सहा महिन्यांची मुदत अजून संपली नव्हती. वाट बघायची. हे उत्तर कंटाळवाणं आहे म्हणून मुलांना आवडत नाही. मला हेच सगळ्यात कमी धोक्याचं वाटतं.

दुसरं, सगळ्यात मोठ्या निवडणूकपूर्व युतीला बोलावून मुदतीत बहुमत सिद्ध करायला सांगायचं. सरकारिया आयोगानं सांगितलेल्या क्रमात निवडणूकपूर्व युती पहिली येते. आयोगाचा क्रम असा: आधी निवडणूकपूर्व युती, मग इतरांच्या पाठिंब्यानं दावा करणारा सर्वांत मोठा पक्ष, मग सगळे घटक सरकारात येतात अशी निवडणुकीनंतरची आघाडी, शेवटी काही आत काही बाहेरून अशी. अडचण एवढीच की २१ मेपर्यंत युतीनं १२२ सह्यांचं पत्र राजभवनात दिलेलं नव्हतं. पण मग उलटही खरं आहे. पत्रच आलं नव्हतं तर नाकारायचं काय होतं?

तिसरं, सभागृह भरवायचं. हंगामी अध्यक्ष, शपथ, अध्यक्षांची निवड, मग मोजणी. उत्तर प्रदेशात फेब्रुवारी १९९८ मध्ये एका राज्यात दोन मुख्यमंत्री झाले होते, तेव्हा सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही एकाच सभागृहात बसवून मतदान घ्यायला लावलं. २२५ विरुद्ध १९६. एका दुपारचं काम.

हा तिसरा पर्याय वरवर वाटतो त्यापेक्षा जास्त मोलाचा आहे, आणि त्याचं कारण सहसा सुटतं. पक्षांतरबंदी कायद्याखाली अपात्र कोण ठरवतो? विधानसभेचा अध्यक्ष. विधानसभा भरलीच नाही तर अध्यक्षच नाही. अध्यक्ष नाही तर दहाव्या अनुसूचीचं, म्हणजे पक्षांतरबंदीचं, यंत्र सुरूच होत नाही. म्हणजे घोडेबाजार झाला असेल तर त्याला पकडण्याची घटनेतली जी जागा होती, ती जागा राजभवनानंच बंद ठेवली आणि मग पोलीस नाहीत म्हणून स्वतः काठी हातात घेतली.

चौथं, विसर्जन. याचं समर्थन करणारी मुलंही असतात आणि त्यांना मी गप्प बसवत नाही. मतदारांनी लोजपला भाजपविरोधी म्हणून मत दिलं असेल आणि आमदार त्याच बाजूला जात असतील, तर पुन्हा मतदारांकडे जाणं लोकशाहीविरोधी कसं? प्रश्न रास्त आहे. उत्तर एवढंच की तो प्रश्न विचारायचा अधिकार मतदारांचा आहे आणि त्यांना तो पुढच्या निवडणुकीत विचारता येतो. सरकार बनण्याआधी राज्यपालांनी त्यांच्या वतीनं विचारायचा नसतो.

काय केलं गेलं

२१ मेचा अहवाल २२ तारखेला, रविवारी, केंद्राला मिळाला. त्याच रात्री अकराच्या सुमारास केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि विसर्जनाची शिफारस ठरली. राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम परदेश दौऱ्यावर निघून गेले होते. त्यांच्या मॉस्कोतल्या मुक्कामी फॅक्स गेला, तो १:५२ ला मिळाला. तिथेही मध्यरात्र उलटून गेली होती. ३:५० ला मंजुरीचा फॅक्स दिल्लीत. दुपारी अडीच वाजता अधिसूचना.

फॅक्स हे यंत्र आजच्या मुलांना माहीत नाही, म्हणून सांगावं लागतं. गुळगुळीत कागद, मधेच अडकणारी ओळ, वरच्या कडेला छापली जाणारी वेळ. ती वेळच पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात मिनिटासकट नोंदली गेली. मॉस्कोच्या त्या खोलीत राज्यपालांच्या अहवालाशिवाय दुसरं काही होतं का, कुणी पाटण्याला फोन लावला का, हे निकालपत्रातल्या वेळापत्रकात नाही. पण एक गोष्ट नक्की. घटनेच्या कलम ७४ नुसार राष्ट्रपतींना मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तो परत गेला नाही.

या साखळीत चार जागा होत्या जिथे कुणीतरी "थांबा" म्हणू शकत होतं: राज्यपाल, गृहमंत्रालय, मंत्रिमंडळ, राष्ट्रपती. गृहमंत्री आपले लातूरचे शिवराज पाटील चाकूरकर, मऊ बोलणारे, नियमांचे जाणकार, लोकसभेचे माजी अध्यक्ष. पुढे तेही पंजाबचे राज्यपाल झाले. चारही जागी माणसं अनुभवी होती. प्रत्येकानं आपल्या आधीच्यानं तपासलं असेल असं धरलं, असं मला दिसतं. सरकारी कचेरीत काम केलेल्या कुणालाही ही गोष्ट नवी नाही. फाइलवर पहिली सही मोठ्या माणसाची असली की पुढच्या सह्या आपोआप होतात.

न्यायालयात

निवडून आलेल्या काही सदस्यांनी थेट सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. रामेश्वर प्रसाद विरुद्ध भारत सरकार. पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ, अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश वाय. के. सभरवाल.

एक तांत्रिक प्रश्न आधी होता: जी विधानसभा कधी भरलीच नाही ती विसर्जित तरी करता येते का? न्यायालय म्हणालं, येते. निवडणूक आयोगाची अधिसूचना निघाली की विधानसभा अस्तित्वात आली, पहिल्या बैठकीची वाट बघायची गरज नाही. या मुद्द्यावर सरकार जिंकलं.

मुख्य मुद्द्यावर हरलं. ७ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयानं छोटा आदेश दिला: २३ मेची घोषणा घटनाबाह्य. पण पुढचं वाक्य याचिकाकर्त्यांच्या जिव्हारी लागणारं होतं. विधानसभा पुनरुज्जीवित करणार नाही. निवडणुकीची प्रक्रिया खूप पुढे गेली होती. पहिल्या टप्प्याचं मतदान अकरा दिवसांवर, १८ ऑक्टोबरला होतं.

सविस्तर निकाल २४ जानेवारी २००६ ला आला, तीन विरुद्ध दोन. बहुमताचं म्हणणं साध्या भाषेत असं: राज्यपालांच्या अहवालात आधार नाही, आहे ते त्यांचं स्वतःचं मत. कोणता आमदार, कुणी, काय देऊ केलं, काही नाही. अनैतिक मार्गानं बहुमत जमतंय असं राज्यपालांना वाटलं म्हणून ते सरकार बनणं रोखू शकत नाहीत, राज्यपाल म्हणजे राजकारणावर नेमलेला निरंकुश लोकपाल नव्हे. केंद्रीय मंत्रिमंडळालाही सुनावलं गेलं. अहवाल वेदवाक्य मानण्याआधी पडताळणी करायला हवी होती. राज्यपालांनी मंत्रिमंडळाची दिशाभूल केली, इतक्या स्पष्ट शब्दांत न्यायालय बोललं.

कलम ३६१ नुसार राज्यपालांना न्यायालयात उत्तरदायी धरता येत नाही, त्यामुळे ते स्वतः बाजू मांडायला आले नाहीत. न्यायालयानं म्हटलं की हे संरक्षण व्यक्तीला आहे, तिच्या निर्णयाला नाही. निर्णय तपासता येतो, हेतूसुद्धा.

वेगळं मत देणारे दोन न्यायमूर्ती होते, के. जी. बालकृष्णन आणि अरिजित पसायत. बहुमत कुठल्या वाटेनं येतंय याकडे राज्यपालांनी डोळे मिटून बसावं असं नाही, असा त्या बाजूचा सूर. मी हे मत मुलांना वाचायला लावतो, कारण ते सहज मोडीत काढण्यासारखं नाही. माझी अडचण मताशी नाही, पुराव्याशी आहे. डोळे उघडे ठेवा जरूर, पण काय दिसलं ते लिहा.

परिणाम

सरळ ओळीत सांगतो. २२ नोव्हेंबर २००५ च्या निकालात संयुक्त जनता दल ८८ आणि भाजप ५५, मिळून १४३. राजद ५४ वर. लोजप २९ वरून १० वर. २४ नोव्हेंबरला नितीशकुमार मुख्यमंत्री झाले आणि त्यांना शपथ दिली बूटा सिंग यांनीच. मे महिन्यात ज्या आघाडीचं सरकार बनू नये म्हणून विधानसभा गेली असा आरोप होता, तीच आघाडी सहा महिन्यांत स्वतःच्या बळावर आली. ज्यांना वाचवायचं म्हणून हे झालं असं म्हटलं गेलं, त्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं.

सविस्तर निकालानंतर दोनच दिवसांनी, २६ जानेवारी २००६ रोजी, प्रजासत्ताक दिनी, बूटा सिंग यांनी राजीनामा दिला. पश्चिम बंगालचे राज्यपाल गोपाळकृष्ण गांधी यांच्याकडे काही महिने बिहारचा अतिरिक्त कार्यभार होता. जूनमध्ये तिथे गेले आपल्या अमरावतीचे रा. सू. गवई, महाराष्ट्र विधान परिषदेचे माजी सभापती. बूटा सिंग नंतर राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाचे अध्यक्ष झाले. जानेवारी २०२१ मध्ये त्यांचं निधन झालं.

आणि कलाम. पुढे आपल्या आठवणींत त्यांनी लिहिलं की न्यायालयाचा निर्णय आल्यावर त्यांनी राजीनाम्याचं पत्र तयार केलं होतं. पंतप्रधानांनी गळ घातली, सरकार पडेल म्हणाले, आणि पत्र तसंच राहिलं. साखळीतल्या चार जागांपैकी ज्यानं शेवटची सही केली त्यालाच ती सगळ्यात जड झाली.

वेगळं काय करता आलं असतं

नेमणुकीपासून सुरुवात करता येईल, पण त्यावर फार वेळ घालवत नाही. निवडणूक हरलेल्या नेत्याला लगेच राजभवनात पाठवू नये हे सगळे पक्ष विरोधात असताना मानतात.

खरी पहिली संधी मार्चमध्ये होती. त्रिशंकू निकाल लागला की आपल्याकडे राज्यपालांच्या भेटीगाठींचं सत्र सुरू होतं आणि सभागृह मागे पडतं. सदस्यांना निदान शपथ देऊन घेतली असती तर अध्यक्ष निवडला गेला असता. अध्यक्षाच्या निवडणुकीतच बहुमत कुठे आहे ते बाहेर आलं असतं, बिनबोभाट. या एका पावलामुळे मे महिन्यातले निम्मे युक्तिवाद उरलेच नसते.

दुसरी संधी २७ एप्रिल. या तारखेला राज्यपालांना संशय होता, कायदेशीर वेळही होता. तेव्हापासून २१ मेपर्यंत चोवीस दिवस. त्या दिवसांत लोजपच्या आमदारांना एकेक करून बोलावता आलं असतं. "तुम्ही स्वखुशीनं जाताय का" एवढाच प्रश्न, उत्तर लेखी, सहीनिशी. कर्नाटकात १९८९ मध्ये सह्यांचा घोळ झाला होता तो न विचारल्यामुळेच, आणि तो अहवाल ज्या मंत्रालयात आला तिथले मंत्री आता स्वतः राजभवनात होते. मला या प्रकरणात सगळ्यात जास्त खुपतं ते हे. लाच देऊ केल्याची ठोस माहिती असेल तर गुन्हा दाखल करायला सांगता आलं असतं. राष्ट्रपती राजवटीत राज्याचे पोलीस कुणाच्या हाताखाली असतात? राज्यपालांच्याच.

मंत्रिमंडळाबाबत एकच गोष्ट. रात्री अकराची बैठक सकाळी अकराला घेता आली असती. विधानसभा निलंबित होती, कुणी पळून जाणार नव्हतं. जे सरकार बनणार अशी भीती होती ते राज्यपालांनी शपथ दिल्याशिवाय बनू शकत नव्हतं. घाईला बाहेरून कारणच नव्हतं, म्हणून घाईच पुरावा ठरली.

न्यायालयाकडेही बोट दाखवावं लागेल, थोडं बिचकत. घोषणा मेची, आदेश ऑक्टोबरचा. मधल्या काळात निवडणूक जाहीर झाली, आणि मग "आता उशीर झाला" हेच दाद नाकारण्याचं कारण झालं. घड्याळ मागे फिरवता येत नाही असं मात्र नाही. १३ जुलै २०१६ रोजी अरुणाचल प्रदेशाच्या प्रकरणात याच न्यायालयानं राज्यपालांचा आदेश रद्द करून आधीचं सरकार परत आणलं.

आपल्याकडे हे सगळं परकं वाटायचं कारण नाही. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात राष्ट्रपती राजवट पहाटे ५:४७ ला उठली आणि सकाळी शपथविधी झाला. वेळा बदलतात, फॅक्स गेला, पहाट तीच. आणि जून २०२२ मध्ये राज्यपालांनी बहुमत चाचणीचा जो आदेश दिला तो समर्थनीय नव्हता, असं ११ मे २०२३ च्या निकालात घटनापीठ म्हणालं. पण मुख्यमंत्र्यांनी चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता, म्हणून जुनी स्थिती परत आणता येणार नाही. चूक ठरली, उलटली नाही. ७ ऑक्टोबर २००५ चा आदेश आणि हा निकाल शेजारीशेजारी ठेवून वाचायला मी मुलांना देतो. मधे अठरा वर्षं आहेत हे त्यांना सांगावं लागतं.

एक शेवटची नोंद

बिहारच्या विधानसभांना क्रमांक आहेत. बारावी २००० ची, चौदावी नोव्हेंबर २००५ ची. तेरावी मधली. निवडून आलेले २४३ जण, अधिसूचना निघालेली, विसर्जनाची तारीख नोंदलेली. कामकाजाचा रकाना कोरा. त्या सभागृहाची घंटा एकदाही वाजली नाही, आणि त्यातल्या एकाही सदस्यानं त्या सभागृहाचा सदस्य म्हणून शपथ घेतली नाही.